खाळातली बिऱ्हाडं

बागलीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कुणाची तरी ओली साडी वाळत घातली होती. मी पर्स छातीशी धरून उभीच राहिले. खिडकीजवळ बसलेल्या एका बाईंनी सगळी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे फक्त तोंडाकडे पाहिलं, आणि चांगलं निरखून.

"धारच्या ना? ऑर्डरमध्ये वाचलं. मराठी बोलता घरी?"

"हो, बोलते. वाचताना अटकते."

"अडखळते म्हणावं. अटकते हिंदी झालं. बरं, तुमचा खालचा ओठ थोडा पुढं आहे. असं तोंड असलेला मासा पाण्याच्या वरच्या थरात चरतो. पडलेला किडा, उडता डास, जे वर मिळेल ते. तळाशी जायची सवय नसते त्याला." मग शेजारच्या गृहस्थांकडे बोट करून म्हणाल्या, "हे राज्यशास्त्राचे सर. यांचं तोंड खाली वळलेलं. हे तळाशी चरतात."

सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मॅडमजी, चरने तो दो शांती से."

ती ओली साडी त्या बाईंचीच, म्हणजे ताईंची होती. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. कॉलेजच्या आधी रोज सकाळी त्या पाण्यात असत आणि तिथून सरळ वर्गावर येत, हे सगळ्या बागलीला ठाऊक होतं. गावातले दुकानदार त्यांना मॅडमजी म्हणत, खेड्यातल्या बायका बेनजी म्हणत. मी पहिल्या आठवड्यातच ताई म्हणायला लागले, कारण माझ्यासारखं घरचं मराठी बोलणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. आणि त्यांचं मराठी तर माझ्या आजीच्याही आधीचं होतं. 'मजजवळ', 'तुजकडे' असे शब्द त्या सहज बोलून जात आणि पुढच्याच वाक्यात शिपायाला "भिया, जरा पंखा चला दो" म्हणत.

माळव्यात ओढ्याला खाळ म्हणतात. बागलीच्या दक्षिणेला पठार संपतं आणि घाट उतरायला लागतो, तिथं सागाच्या जंगलातून एक खाळ खाली नर्मदेच्या बाजूला जातो. उन्हाळ्यातही त्याचे डोह भरलेले असतात. ताईंचं सगळं आयुष्य त्या खाळात गेलं. बदलीच्या ऑर्डरी आल्या, त्या त्यांनी रद्द करून घेतल्या. प्राचार्य होण्याची वेळ आली, तर ते पद उज्जैनला होतं म्हणून नको म्हणाल्या. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. मलाही काही दिवस तसंच वाटलं.

मग एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून नेलं. पोचल्यावर त्यांनी सलवार-कमीजवरून एक जुनी सुती साडी गुंडाळली, काष्टा मारला आणि पाण्यात शिरल्या. मी काठावरून पाहिलं. पाणी स्वच्छ, गुडघ्याएवढं, तळाशी गोटे. जिवंत काहीच नाही.

"ताई, इथे तर काही नाहीये."

"मासा डोळ्यांनी सापडत नाही, गुडघ्यांनी सापडतो. आधी टेका."

मी ओल्या वाळूत गुडघे टेकले. त्यांनी मला हलू दिलं नाही, बोलू दिलं नाही. मुंग्या येऊन पाय बधिर झाले. आणि मग एक गोटा सरकला. मला वाटलं, पाण्यानं ढकलला. पण तो पाण्याच्या उलट दिशेला सरकला होता. त्याच्या मागं दुसरा. ते गोटे नव्हतेच. दगडाच्या रंगाचे, दगडाला तोंडानं चिकटून बसलेले मासे होते, आणि एकदा एक दिसल्यावर ते सगळीकडे दिसायला लागले. वाळूवर वाळूच्या रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे. मुळ्यांच्या सावलीत एक बाम, सापासारखी, फक्त नाक बाहेर काढून. मधल्या धारेत रुपेरी मासोळ्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. मी ज्याला रिकामं पाणी समजत होते ते खचाखच भरलेलं होतं, आणि माझ्या येण्याआधीपासून सगळे मला पाहत होते. तोंडातून एवढंच निघालं, "बाप रे, किती मासे!"

"मासे म्हणजे काय?" ताई लगेच म्हणाल्या. "घरी पाहुणे आले तर 'माणसं आली' असं सांगता का? कोण आलं ते सांगता ना? नाव विचारायचं."

बागलीत तसबिरींना चौकटी लावणाऱ्याकडून त्यांनी एक काचेची पेटी करून घेतली होती, वहीएवढी उंच आणि दोन बोटं रुंद. मऊ जाळीनं मासा अलगद उचलायचा, पाण्यासकट पेटीत सोडायचा, बाजूनं पाहायचा आणि जिथून उचलला त्याच दगडापाशी परत सोडायचा. "पाहुण्याला चहा होईपर्यंत बसवावं," त्या म्हणत. "जास्त थांबवला तर त्याच्या घरी काळजी करतात." बाटलीत औषधाच्या पाण्यात मेलेले मासे ठेवायला त्यांचा सक्त विरोध. प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्या त्यांनी कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी पेटीत त्यांनी दोन रुपेरी मासोळ्या शेजारी-शेजारी घेतल्या. मी म्हटलं, दोन्ही सारख्याच आहेत.

"हिला ओठाशी बारीक मिशा आहेत. हिला नाहीत. हिचा काळा टिळा शेपटीच्या मुळाशी, हिचा जरा अलीकडे. ही शेवाळ खाते, ती किडे. सारख्या म्हणे! लांबून सगळ्या जावा सारख्याच दिसतात. जावांना जाऊन विचारा."

मग एक मासा आला तो काचेसारखा आरपार. पाठीचा कणा, पोटातली चांदीची पिशवी, सगळं दिसत होतं, आणि त्याच्या अंगातून मला पलीकडच्या ताईंचा डोळा दिसत होता.

ताई देवासच्या. त्यांच्या घराण्यात आजोबांपर्यंत संस्थानची नोकरी होती. घरात कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य. मासा खाणं दूरच, नाव काढलं तरी वहिनी कानाला हात लावत. ताई सुट्टीत देवासला गेल्या की वहिनी त्यांना अंगणातच वेगळी बादली देत आणि न्हाऊन आल्याशिवाय देवघराकडे फिरकू देत नसत. एकदा मी बरोबर होते. वहिनी मला तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "सांगा तुम्ही तरी. ब्राह्मणाच्या घरातली बाई, अन् हाताला कोळणीसारखा वास!"

ताई केस पुसत म्हणाल्या, "वहिनी, पहिला अवतार कोणता?"

"कुणाचा?"

"विष्णूचा."

वहिनी देवघराकडे वळल्या. पण बादली वेगळीच राहिली.

विद्यार्थ्यांवर ताईंचा जीव होता, पण त्यांना त्या कधी शाबासकी देत नसत. एखाद्या मुलीनं पाण्यात बघून घाईघाईनं नाव सांगितलं की म्हणत, "बेटा, पहले देख, फिर बोल. तूने नाम देखा है, मछली नहीं देखी." बरोबर नाव सांगितलं तरी हेच म्हणत. मी एकदा विचारलं, मग खूश कधी होता? म्हणाल्या, "कुणी 'माहीत नाही' म्हटलं की."

त्या खाळात त्यांना न भेटलेला एकच मासा होता. बाडस. मोठ्या खवल्यांचा, नदीचा राजा म्हणावा असा. घाटातल्या खेड्यातले म्हातारे सांगायचे की त्यांच्या बापजाद्यांच्या वेळी पावसाळ्यात बाडस नर्मदेतून खाळ चढून वर येत. पुढं खाली बंधारे झाले, येणं थांबलं. ताईंचं म्हणणं, वरच्या मोठ्या डोहात काही अडकून राहिले असणार, तिथंच त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असणार. डोह खोल होता आणि त्याचं पाणी काळं. त्याच्या कडेच्या खडकावर ताई पालथ्या पडून राहायच्या. दिसला कधीच नाही. राज्यशास्त्राचे सर म्हणायचे, "मॅडमजी, आपका बाडस तो भगवान हो गया. है भी, और दिखता भी नहीं."

"बरोबर आहे," ताई मराठीतच उत्तर द्यायच्या. "म्हणून तर जाते."

एका थंडीच्या सकाळी ताईंनी काचेची पेटी रिकामी केली ती पाण्यात नव्हे, शेजारच्या खडकावर. मासोळी तडफडायला लागली. मी झडप घालून ती पाण्यात सोडली. ताई तशाच बसून राहिल्या, हातात रिकामी पेटी.

"मला वाटलं, पाणीच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधानं जितकी टिकेल तितकी. "कडेनं अंधार येतोय. चारी बाजूंनी. मध्ये थाळीएवढं दिसतं."

मी त्यांचा हात धरला.

"रडू नका हो. थाळीत एक मासा मावतो. एका वेळी एकच तर पाहायचा असतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कॉलेजात इतक्यात सांगू नका."

त्या दिवसापासून त्या हातांनी शिकायला लागल्या. डोळे मिटून पाण्यात दोन्ही तळवे पसरून बसत. मासे आधी लांब राहत, मग येत, बोटांमधून निघून जात. "हा पत्थरचटा, तोंड चिकटवून चाटतो. ही बाम, रेशमाची दोरी. हा खरबरीत, पोटाशी काटा आहे, हा शिंगटा." मी पेटीत धरून खात्री करायचे. सुरुवातीला चुकायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. पुढं पुढं चुकेनाशा झाल्या. साठीला आलेली बाई, निम्मं जग अंधारलेलं, आणि ती पहिलीतल्या मुलासारखी नव्यानं मुळाक्षरं गिरवत होती. मी त्यांच्या जागी असते तर अंथरुणातून उठले नसते.

मेमध्ये घाटातल्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. एका सकाळी खेड्यातली एक म्हातारी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "बेनजी, थारा दह में मशीन लगाई दी," ती म्हणाली. तिकडे डोहाला दह म्हणतात. स्कूटर आता मी चालवायचे. ताई मागं बसल्या.

डिझेलचा पंप धडधडत होता. जाड पाइप डोहात सोडला होता. जो डोह मी कधी तळ दिसेल असा पाहिला नव्हता, त्याचं पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं, गढूळ, चहासारखं. काठावर ओल्या खडकांचा काळा पट्टा उघडा पडला होता. ठेकेदाराचा मुनीम छत्री घेऊन बसला होता.

"भिया, बंद करो इसको," ताई म्हणाल्या.

"मॅडम, स्लॅब डलना है. पानी ही तो ले रहे हैं."

ताईंनी वाद घातला नाही. चप्पल काढली आणि सरळ पाण्यात उतरल्या. मला वाटलं, पडतील. पण त्या डोहाच्या कडेचे खडक त्यांना पावलांनी पाठ होते. पाइपाच्या तोंडाला तारेची टोपली होती. पंप पाणी ओढत होता तसे मासे त्या टोपलीला चिकटून बसत होते, सुटायची धडपड करत. ताईंनी दोन्ही हात टोपलीवर ठेवले आणि एकेक मासा सोडवायला लागल्या. मी बादली घेऊन मागं उभी राहिले.

"पत्थरचटा. पत्थरचटा. ही मिशांची मासोळी, ही बिनमिशांची. काचमासा, जपून, याचं अंग नाजूक. बामचं पिल्लू."

त्यांचे डोळे मिटलेले होते. गावातल्या बायका हंडे खाली ठेवून काठावर आल्या. मुनीम छत्री बंद करून उभा राहिला. पंपाच्या आवाजात त्यांचा आवाज नीट ऐकूही येत नव्हता, पण त्या मोठ्यानं बोलतच नव्हत्या. त्या एकेकाला त्याच्या नावानं हाक मारून बाहेर काढत होत्या, जशी एखादी घरातली बाई आग लागल्यावर पोराबाळांना काढेल. मुनिमानं मला हळूच विचारलं, "मॅडम को दिखता नहीं क्या?"

मी म्हटलं, "थोडा."

त्यानं जाऊन पंप बंद केला. कुणी पुन्हा सांगितलं नव्हतं.

एकदम शांत झालं. पाणी डुचमळायचं थांबलं. आणि ताई ओरडल्या, "कुणी हलू नका!"

त्या जागच्या जागी ताठ उभ्या होत्या. "माझ्या पोटरीला घासून गेला. मोठा आहे. फार मोठा." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मला दिसणार नाही. तुम्ही पाहा. जे दिसेल तेच सांगा, जास्त काही नको."

मी खडकावर पालथी पडले. गाळ खाली बसत होता. मला फक्त माझं स्वतःचं श्वास घेणं ऐकू येत होतं. बराच वेळ काही नाही. मग त्या चहाच्या रंगातून एक पितळी उजेड वर आला. आधी मला वाटलं, कुणाचा हंडा बुडालाय. तो हंडा वळला.

"आहे," मी म्हटलं.

"खवलं केवढं?"

"माझ्या अंगठ्याच्या नखाहून मोठं. एकावर एक, कौलांसारखी."

"रंग?"

"पाठ काळपट हिरवी. कुशीला पितळ."

"पर कसे?"

"लालसर. टोकाकडे पिवळे."

"ओठ?"

"जाड. खूप जाड, मांसल."

"मिशा पाहा. घाई करू नका."

मी पाहिलं. तो माझ्या हाताच्या अंतरावर थांबला होता, जागच्या जागी, फक्त पर हलवत. त्याचा डोळा सोनेरी होता आणि तो मला पाहत होता. "दोन," मी म्हटलं. "नाही. चार. दोन वर, दोन तोंडाच्या कोपऱ्यात."

मी मान वर केली. त्यांनी पाण्यातच हात जोडले होते.

काठावरची म्हातारी पुढं वाकून बघत होती. "ई तो बाडस हे," ती म्हणाली. "म्हारा दायजी केता था. म्हने झूठ समझ्यो." बाप सांगायचा, तिला खोटं वाटायचं. तिनं पदर डोक्यावर घेतला. मग दुसरा दिसला. त्याच्या मागं आणखी, लहान, या डोहातच जन्मलेले. एका बाईनं कडेवरच्या पोराला बोट करून ते दाखवले.

मुनीम कपाळावर हात मारून म्हणाला, "मॅडम, सेठ मेरी जान खा लेगा."

"लगाओ फोन सेठ को." ताई तशाच ओलेत्या बाहेर आल्या आणि फोन कानाला लावला. ठेकेदार काय बोलला ते ऐकू आलं नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, "भिया, पुल काहे पे बना रहे हो? इसी पानी पे ना? पानी ही पी जाओगे तो पुल किसके ऊपर से जाएगा?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बादलीतले मासे मी परत डोहात सोडले. स्लॅबसाठी टँकर आले. दुसऱ्या दिवशी पंप उचलला गेला. गावकऱ्यांनी डोहावर सागाच्या फांद्या टाकून सावली केली आणि पाऊस येईपर्यंत बायका पाळीपाळीनं तिथं येऊन बसत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

गाळ पूर्ण बसल्यावर ताई एक अख्खी सकाळ त्या खडकावर पडून होत्या. मी लांब सावलीत थांबले. परत आल्या तेव्हा कपाळावर खडकाचे वळ उठले होते.

"दिसला?"

"मावला नाही थाळीत," त्या म्हणाल्या. "लहानपणी देवासला दसऱ्याची सवारी आम्ही मुली दाराच्या फटीतून पाहायचो. आधी हत्तीची सोंड यायची, मग डोळा, मग झूल, झूलच झूल, संपतच नाही असं वाटायचं, आणि शेवटी शेपूट. तसा गेला. पूर्ण दिसला असता तर इतका मोठा वाटला नसता."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि देवासला भावाकडे गेल्या. थाळीची वाटी झाली, वाटीचा चमचा. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. वहिनी आता थकल्यात, पण ताईंना अंगणात हात धरून त्याच आणतात.

दिवाळीच्या थोडं आधी मी गाडी घेऊन गेले आणि ताईंना खाळावर घेऊन आले. वहिनीही आल्या, "तिला कोण सांभाळणार" म्हणून, आणि काठावर चटई टाकून, पदर नाकाला लावून बसल्या. पाणी निवळलं होतं. ताईंना मी दगडावर बसवलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. खरं तर आता मिटायची गरज नव्हती.

मासे आले. पायांना टोचायला लागले.

"पत्थरचटा," ताई म्हणाल्या. "हाही तोच. ही बारीक, बिनमिशांची. हा वाळूतला पट्ट्यांचा, घोट्याखाली शिरतोय, लाजतो जरा." मी वाकून पाहायचे आणि हो म्हणायचे. एकदाही नाही म्हणावं लागलं नाही. वहिनींनी पदर नाकावरून कधी काढला कुणास ठाऊक. त्या मान पुढं काढून ऐकत होत्या.

मग ताई थबकल्या.

"हा कोण?"

"कुठला?"

"डाव्या टाचेशी. आत्ता. थंड आहे अंगाला, आणि दोनदा टोचतो, थांबून. पाहिलात?"

मी पाण्यात नाक बुडेपर्यंत वाकले. गोटे होते, ऊन होतं, एक पान चाललं होतं. "नाही हो ताई. गेला वाटतं."

"मला ओळखू नाही आला," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा बाडसाच्या दिवशीही पाहिला नव्हता. "वहिनी, ऐकलंत? सगळा जन्म या पाण्यात काढला, आणि याचं नाव मला माहीत नाही!"

"मग आता?" वहिनींनी विचारलं.

"आता काय? हलू नका. परत येईल."

वहिनींनी बांगड्या मनगटावर मागं सारल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि पाण्याकडे पाहत बसून राहिल्या.